रक्ताची साक्ष

घरांत कोणी अत्यवस्थ झालें म्हणजे उंबरठ्याशीं उभ्या असलेल्या आप्तांच्या मनांत एकच प्रश्न असतो. पुष्कळदां तो ओठांवर येत नाहीं. पण डॉक्टरांच्या मुद्रेकडे लागलेल्या डोळ्यांत तो स्पष्ट वाचतां येतो. रोगी वांचेल ना, हा तो प्रश्न. रोगाचें नांव काय, त्याची उत्पत्ति कशी, औषध कोणतें, हे सारे विचार त्यामागून येतात. वैद्यकशास्त्रापुढें हा प्रश्न पहिल्यापासून उभा आहे, आणि त्याचें उत्तर शोधतांना वैद्य प्रथम रोग्याच्या बाह्य शरीराकडेच पाहत आला.

आपल्याकडे चरकसंहितेंत 'इंद्रियस्थान' नांवाचा एक स्वतंत्र विभाग आहे. त्याचे अध्याय बारा. रोग्याचा वर्ण, स्वर, गंध, स्पर्श, छाया, इतकेंच नव्हे तर त्याला पडणारीं स्वप्नें यांवरूनहि मृत्यु जवळ आल्याचीं चिन्हें कशीं ओळखावीं, हाच त्या विभागाचा विषय. या चिन्हांना 'अरिष्ट' असें नांव आहे. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस यांच्या नांवानें चालत आलेल्या ग्रंथांतहि मरणोन्मुख चेहऱ्याचें वर्णन आहे: नाक टोंकदार झालेलें, डोळे खोल गेलेले, कानशिलें बसलेलीं, कान गार पडलेले. दोन दूरदूरच्या देशांतील वैद्यांनीं रोग्याच्या उशाशीं बसून, डोळ्यांनीं व बोटांनीं जेवढें कळण्यासारखें होतें तेवढें टिपून ठेवलें. परंतु त्वचेच्या आंत, प्रत्यक्ष रक्तांत, त्या वेळीं काय घडत असतें हें जाणण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. तें साधन हातीं येण्यास पुष्कळ काळ लागला; आणि त्या शोधाचा आरंभ रुग्णालयांत झाला नाहीं, तर आंबलेल्या दुधाच्या भांड्यांत झाला.

इ. स. १७८० मध्यें स्वीडनमधील कार्ल विल्हेल्म शेले यांनीं आंबलेल्या दुधांतून एक आम्ल वेगळें काढलें. शेले हे धंद्यानें औषधविक्रेते. पण रसायनाच्या वेडानें त्यांना पछाडलेलें होतें. दह्याला आणि ताकाला आंबटपणा येतो तो ज्या द्रव्यामुळें, तेंच हें द्रव्य. दुधांतून निघालें म्हणून त्याला दुग्धाम्ल हें नांव पडलें. रक्तांतील त्याच्या रूपाला आज डॉक्टर मंडळी 'लॅक्टेट' म्हणतात. पुढें सत्तावीस वर्षांनीं, १८०७ मध्यें, स्वीडनमधीलच याकोब बर्झेलियस यांना तेंच द्रव्य प्राण्यांच्या स्नायूंत सांपडलें. शिकारींत पळून पळून थकलेल्या हरणाच्या मांसांत त्याचें प्रमाण अधिक असतें, असेंहि एक निरीक्षण त्यांच्या नांवावर सांगितलें जातें. दह्यांतलें आम्ल थकलेल्या मांसांत कसें आलें, याचा उलगडा त्या काळीं कोणाला झाला नाहीं. श्रम आणि हें आम्ल यांचें कांहीं तरी नातें आहे, एवढें मात्र ध्यानांत आलें.

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांत वुर्ट्सबुर्ग नांवाचें जुनें विद्यापीठाचें शहर आहे. तेथील युलियस रुग्णालयांत योहान योसेफ शेरर हे तरुण डॉक्टर रासायनिक परीक्षेचें काम करीत. त्यांचा जन्म १८१४ चा. वैद्यकीचें शिक्षण झाल्यावर ते गीसेन येथें लीबिग या नामांकित रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखालीं शिकून आले होते. रोग समजून घ्यावयाचा तर रोग्याच्या रक्ताची व इतर द्रवांची परीक्षा रसायनशाळेंत झाली पाहिजे, हा विचार त्या वेळीं नवा होता. शेरर यांनीं तो मनापासून उचलला.

१८४३ च्या जानेवारींत तेथें एक तेवीस वर्षांची पहिलटकरीण प्रसूत झाली. मूल चांगलें होतें. पण त्याच रात्रीं तिचें पोट फुगून दुखूं लागलें. ताप चढला, घाम सुटला, नाडी धांवूं लागली, आणि तहान कशानें शमेना. दुसऱ्या दिवशीं श्वासाची गति वाढली. दुखणें सुरू झाल्यापासून छत्तीस तासांच्या आंत ती गेली. बाळंतज्वर हें त्या दुखण्याचें नांव. त्या काळच्या युरोपांतील सूतिकागृहांत तें नांव सर्वांच्या ओळखीचें होतें. शवविच्छेदनाच्या वेळीं तिच्या हृदयांतून रक्त काढून शेरर यांनीं त्याची परीक्षा केली, आणि त्यांत त्यांना दुग्धाम्ल आढळलें. अशाच दुखण्यानें दगावलेल्या दुसऱ्या कांहीं तरुण स्त्रियांच्या रक्तांतहि तें मिळालें. निरोगी माणसाच्या रक्तांत त्या काळच्या पद्धतीनें तें सांपडत नसे. तेव्हां हें द्रव्य रोगाच्या भरांत रक्तांत उत्पन्न होत असलें पाहिजे, असा निष्कर्ष शेरर यांनीं काढला आणि त्याच वर्षीं आपल्या ग्रंथांत तो प्रसिद्ध केला. जीवघेण्या दुखण्याची रासायनिक खूण मनुष्याच्या रक्तांत दाखविली गेली ती या प्रसंगीं. पुढें १८५८ मध्यें कार्ल फोल्वार्च्नी यांनीं जिवंत रोग्याच्या रक्तांत दुग्धाम्ल दाखविलें. परंतु शेरर यांनीं १८४३ मध्यें तें शोधलें तेव्हां त्याचा उपयोग व्हावा असा रोगी उरलाच नव्हता.

या कथेला एक कटु जोड आहे. अवघ्या चार वर्षांनीं, १८४७ मध्यें, व्हिएन्ना येथील सूतिकागृहांत इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरांनीं त्याच बाळंतज्वराचें मूळ शोधून काढलें. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर व विद्यार्थी तसेच बाळंतिणींना तपासतात आणि त्यांच्या हातांवरून विष जातें, हें त्यांनीं ओळखलें. क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुतल्यावांचून कोणीहि बाळंतिणीस हात लावूं नये, असा त्यांनीं नियम घातला. एप्रिल महिन्यांत शंभरांत अठरा बाळंतिणी मरत होत्या. जूनमध्यें तो आंकडा दोहोंच्या जवळपास आला. पण मोठमोठ्या प्राध्यापकांना हें मत रुचलें नाहीं. त्यांच्यांत वुर्ट्सबुर्ग येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक स्कान्झोनी हेहि होते. १८६१ मध्यें सेमेलवाइस यांनीं त्यांना उद्देशून जळजळीत अनावृत पत्र लिहिलें. म्हणजे ज्या शहरांत त्या मृत्यूची साक्ष रक्तांत सांपडली, त्याच शहरांत त्या मृत्यूचें कारण मान्य होण्यास वर्षानुवर्षें लागलीं. साक्ष रक्तांत होती, अपराध हातांवर होता. हा भेद पुढील सर्व इतिहासांत लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

दुग्धाम्ल शरीरांत कां वाढतें, याचें पहिलें स्पष्ट उत्तर एका जपानी संशोधकानें दिलें. तोरासाबुरो अराकी हे जर्मनांच्या ताब्यांतील स्ट्रासबुर्ग येथें होप्पे-सायलर यांच्या प्रयोगशाळेंत काम करीत होते. ज्या प्राण्यांना प्राणवायु अपुरा मिळतो त्यांच्या रक्तांत व मूत्रांत दुग्धाम्ल वाढतें, असें त्यांनीं १८९१ मध्यें दाखविलें. हेच अराकी पुढें क्योटो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यानंतर १९०७ मध्यें केंब्रिज येथें फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनीं बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग केले. स्नायु हाताळतां हाताळतांच त्यांत आम्ल तयार होतें आणि मापन चुकतें, ही पूर्वींच्या संशोधकांची अडचण त्यांनीं ओळखली. म्हणून बर्फासारख्या थंड मद्यार्कांत तो स्नायु तत्काळ चिरडून त्यांनीं ती क्रिया जागच्या जागीं थांबविली. तेव्हां चित्र स्वच्छ दिसूं लागलें. विसांवलेल्या ताज्या स्नायूंत हें आम्ल अगदीं थोडें. श्रमानें तें वाढतें. आणि थकलेल्या स्नायूला प्राणवायु दिला कीं तें पुन्हां कमी होतें.

हा व्यवहार चुलीच्या दृष्टांतानें समजून घेतां येईल. चुलीला वारा नीट लागला म्हणजे लांकूड स्वच्छ जळतें आणि पुरी आंच मिळते. वारा कोंडला कीं आंच मंदावते व धूर होतो. शरीरांतील प्रत्येक पेशी ही अशीच एक लहानशी चूल आहे. द्राक्षशर्करा हें तिचें सरपण. प्राणवायु पुरेसा असला म्हणजे शर्करा पूर्ण जळते. तो तुटला म्हणजे पेशी अर्धवट ज्वलनावर कशीबशी निभावते, आणि त्या वेळीं जो धूर सांचतो तें लॅक्टेट. दृष्टांत एका ठिकाणीं मात्र अपुरा पडतो. चुलीचा धूर वायां जातो. शरीर हा धूर वायां जाऊं देत नाहीं. कार्ल व गर्टी कोरी या दांपत्यानें १९२९ मध्यें दाखविलें कीं, स्नायूंतून निघालेलें लॅक्टेट रक्तावाटे यकृतांत जातें आणि तेथें त्याची पुन्हां शर्करा होते. निरोगी माणसाच्या रक्तांतहि तें थोडेंसें सदैव असतें. येणें आणि जाणें यांचा मेळ जोंवर बसतो तोंवर चिंता नाहीं. मेळ बिघडला कीं रक्तांतील आंकडा चढूं लागतो.

हा आंकडा केवळ साक्षीदार आहे कीं स्वतःच अपराधी आहे, हा वाद पहिल्या महायुद्धांत उभा राहिला. १९१७-१८ मध्यें हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन हे फ्रान्समधील युद्धभूमीवर जखमी सैनिकांची परीक्षा करीत होते. पुष्कळ रक्त गेलेला सैनिक थंड, फिका व निस्तेज पडे. या अवस्थेला डॉक्टर 'शॉक' म्हणत. अशा सैनिकाचा रक्तदाब जितका खालीं, तितकी त्याच्या रक्तांतील आम्ल शोषणारी शक्ति कमी, असें कॅनन यांना आढळलें. मग ही आम्लताच मारक असेल, तर ती सोड्यानें मारावी, असें त्यांना प्रथम वाटलें व तसा उपायहि त्यांनीं केला. परंतु अधिक विचारानंतर, आम्लता हा शॉकचा परिणाम आहे, त्याचें कारण नव्हे, असें मत त्यांनीं मांडलें. स्वतःच्या पहिल्या मताला असा निरोप देणें हें मोठ्या मनाचें लक्षण होय.

रक्तांतील आंकड्याचा अर्थ चुकला तर काय होतें, याचें याहून भयंकर उदाहरण १९५२ मध्यें कोपनहेगन येथें घडलें. त्या वर्षीं पोलिओची मोठी सांथ आली. श्वासाचे स्नायु लुळे पडलेल्या पहिल्या एकतीस रोग्यांपैकीं सत्तावीस दगावले. त्यांच्या रक्तांत कार्बनी वायूचें एकंदर प्रमाण फार वाढलेलें दिसे. रक्तांत क्षार वाढला आहे, असा त्याचा अर्थ लावला जात होता. भूल देण्याच्या शास्त्रांतले तज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनीं तोच आंकडा पाहून उलट अर्थ सांगितला: रोगी पुरेसा श्वास सोडूं शकत नाहीं, म्हणून वायु आंत कोंडला आहे, त्याला श्वास द्या. २७ ऑगस्ट रोजीं बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या श्वासनळींत छिद्र करून त्यांनीं रबरी पिशवी हातानें दाबून तिला श्वास दिला, आणि ती जगली. त्यानंतर सुमारें पंधराशें विद्यार्थी पाळीपाळीनें रोग्यांच्या उशाशीं बसले आणि रात्रंदिवस हातानें पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. या प्रसंगांतूनच अतिदक्षता विभागाची कल्पना आकारास आली, आणि १९५३ मध्यें इब्सेन यांनीं कोपनहेगनमध्यें तसा विभाग सुरू केला. आंकडा तोच होता; त्याचा अर्थ बदलल्याबरोबर प्राण वांचूं लागले.

अत्यवस्थ रोगी एका ठिकाणीं आले तेव्हां त्यांच्या रक्ताचें वारंवार मापन करणें शक्य झालें. १९४१ मध्यें बार्कर व समर्सन यांनीं दुग्धाम्ल मोजण्याची रंगपरीक्षा बसविली होती. त्यामुळें थोड्या रक्तावर काम भागूं लागलें. अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें, स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेले डॉक्टर मॅक्स हॅरी वाइल यांनीं शॉकच्या रोग्यांसाठीं चार खाटांचा स्वतंत्र कक्ष उभारला होता. रक्तदाब, नाडी, मूत्र, रक्तांतील द्रव्यें यांची तेथें पद्धतशीर नोंद होई. १९७० मध्यें वाइल व त्यांचे सहकारी अफीफी यांनीं १४२ रोग्यांच्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष प्रसिद्ध केला. लॅक्टेट दर लिटर रक्तांत २.१ मिलिमोलवरून ८ मिलिमोलवर चढलें कीं रोगी वांचण्याचा अंदाजी संभव शंभरांत ९० वरून १० वर उतरतो. निरोगी माणसांत हा आंकडा साधारण दोहोंच्या आंत असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या निष्कर्षाचें महत्त्व कळेल. चरकाच्या काळापासून वैद्य ज्या अरिष्टांचा शोध घेत होते, त्यांतील एकाला आतां दशांश चिन्हासह अंकरूप मिळालें होतें.

तथापि एका वेळच्या मापनावर विसंबणें म्हणजे नदीचें पाणी एकदांच पाहून पूर येणार कीं ओसरणार हें सांगण्यासारखें आहे. नदीकांठचा माणूस घाटाच्या पायऱ्या पुन्हां पुन्हां मोजतो. तसेंच येथें झालें. ब्रुसेल्स येथील जाँ-लुई व्हँसाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८३ मध्यें एकाच रोग्याचें मापन ठराविक वेळानें पुन्हां पुन्हां केलें, आणि जे वांचतात त्यांचा आंकडा उपचारानंतर लवकरच उतरूं लागतो असें दाखविलें. २००४ मध्यें अमेरिकेंतील डिट्रॉइट येथें जंतुदोषानें गंभीर झालेल्या १११ रोग्यांवर हीच गोष्ट पाहण्यांत आली. पहिल्या सहा तासांत लॅक्टेट जितकें अधिक घटलें, तितका मृत्यूचा संभव कमी. दर दहा टक्के घटीमागें तो सुमारें अकरा टक्क्यांनीं कमी होत होता. आतां यंत्रेंहि अशीं निघालीं कीं, रोग्याच्या खाटेजवळच रक्ताच्या कांहीं थेंबांवरून दोनचार मिनिटांत उत्तर मिळावें. २०१६ मध्यें आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळानें जंतुदोषजन्य शॉकची जी नवी व्याख्या केली, तींत लॅक्टेट दोन मिलिमोलच्या वर असणें ही एक अट घातली. त्या व्याख्येंत बसणाऱ्या रोग्यांपैकीं शंभरांत चाळीसांहून अधिक रुग्णालयांतच मृत्यु पावतात, असें त्यांना आढळलें होतें.

एवढें झाल्यावर मोह पडावा हें साहजिक होतें. आंकडा चढल्यानें मनुष्य मरतो, तर आंकडा उतरवावा कीं झालें! हा प्रयोगहि होऊन गेला. डायक्लोरोॲसिटेट नांवाचें द्रव्य लॅक्टेटच्या ज्वलनाला वेग देतें. तें २५२ रोग्यांपैकीं निम्म्यांना देऊन व निम्म्यांना न देऊन पाहिलेल्या परिणामाचा वृत्तांत १९९२ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. औषधानें लॅक्टेट खरोखरच उतरलें. पण वांचणाऱ्यांची संख्या वाढली नाहीं. कॅनन यांनीं टाकून दिलेल्या सोड्याचीहि पुन्हां परीक्षा झाली. १९९० च्या एका लहान प्रयोगांत, साध्या मिठाच्या पाण्याहून सोड्यानें रक्ताभिसरण अधिक सुधारतें असें दिसलें नाहीं. साक्षीदाराचें तोंड बंद केल्यानें चोरी थांबत नाहीं, हेंच या प्रयोगांनीं सिद्ध केलें.

शिवाय हा साक्षीदार नेहमीं एकाच अपराधाची साक्ष देतो असेंहि नाहीं. प्राणवायूच्या टंचाईनें लॅक्टेट वाढतें हें खरें; पण घाबरलेल्या वा झगडणाऱ्या शरीरांत ॲड्रिनलिनचा जोर वाढला कीं, प्राणवायु पुरेसा असूनहि तें वाढतें. यकृत बिघडलें तर तें साफ होत नाहीं म्हणून वाढतें. थायमिन या जीवनसत्त्वाची उणीव असली तरी वाढतें. फेनफॉर्मिन नांवाचें मधुमेहावरील एक औषध त्यामुळेंच बदनाम झालें व १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत वापरांतून गेलें. म्हणून आंकडा हातीं आल्यावर डॉक्टरचें काम संपत नाहीं. तेथें तें सुरू होतें.

अलीकडील दोन प्रयोग या दृष्टीनें फार उद्बोधक आहेत. २०१० मध्यें हॉलंडमधील चार अतिदक्षता विभागांतील ३४८ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. एका गटांत डॉक्टरांना दर दोन तासांनीं लॅक्टेटचा आंकडा कळविला जाई आणि तो वीस टक्क्यांनीं उतरावा असा त्यांचा प्रयत्न असे. दुसऱ्या गटांत डॉक्टरांना तो आंकडा कळूं दिला जात नसे. पहिल्या गटांत शंभरांत सुमारें ३४ व दुसऱ्यांत सुमारें ४४ मृत्यु झाले. रोग्यांमधील मुळांतले भेद जमेस धरल्यावर हा फरक दखल घेण्याजोगा ठरला. गंमत अशी कीं, दोन्ही गटांत लॅक्टेट सारखेंच उतरलें होतें! याचा अर्थ आंकड्यानें स्वतः कांहीं केलें नाहीं. त्यानें डॉक्टरांना जागतें ठेवलें, रोग्याकडे पुन्हां पुन्हां पाहावयास लावलें, असा घेतां येतो.

दुसरा प्रयोग दक्षिण अमेरिकेंतील पांच देशांतल्या २८ विभागांत झाला. त्याचा वृत्तांत २०१९ मध्यें आला. जंतुदोषजन्य शॉकच्या ४२४ रोग्यांपैकीं निम्म्यांवर लॅक्टेट पाहून उपचार केले. उरलेल्यांच्या बाबतींत डॉक्टरांनीं एवढेंच केलें: रोग्याच्या तर्जनीच्या टोंकावर कांचेची पट्टी दहा सेकंद दाबून धरावयाची, सोडावयाची, आणि पांढऱ्या पडलेल्या त्वचेंत पुन्हां लाली येण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो काय तें मोजावयाचें. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत लॅक्टेटच्या गटांत शंभरांत ४३.४ आणि बोटाच्या गटांत ३४.९ मृत्यु झाले. गणिताच्या कांटेकोर कसोटीला हा फरक थोडक्यासाठीं उतरला नाहीं, म्हणून बोट जिंकलें असें म्हणतां येत नाहीं. पण महागड्या यंत्राच्या तोडीस दाबलेलें बोट उभें राहिलें, हें निःसंशय. चरकाच्या इंद्रियस्थानांत स्पर्शावरून जाणावयाच्या चिन्हांचा 'परिमर्शनीय' नांवाचा अध्यायच आहे, याची येथें आठवण होते. जुने वैद्य जें बोटानें चाचपीत होते तें निरर्थक नव्हतें; त्याला मोजमापाची व पडताळ्याची जोड तेवढी नव्हती.

संशोधनाची दृष्टि आतां एका द्रव्यापुरती राहिलेली नाहीं. रक्तांत चयापचयांतून निर्माण झालेलीं शेंकडों द्रव्यें एकाच वेळीं मोजणारीं यंत्रें निघालीं आहेत. २०१३ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं जंतुदोषाच्या संशयानें रुग्णालयांत आलेल्या रोग्यांच्या रक्ताची अशी परीक्षा करून दाखविलें कीं, पुढें जे वांचले आणि पुढें जे दगावले त्यांच्या रक्तांतील फरक ते दारांत आले त्याच वेळीं ओळखतां येण्यासारखा होता. दगावणाऱ्यांच्या रक्तांत कार्निटिनला जोडलेलीं स्निग्धाम्लें सांचलेलीं होतीं. पेशींतील तंतुकणिका म्हणजे तिच्या खऱ्या भट्ट्या. स्निग्ध द्रव्यें तेथें नेऊन जाळावयाची व्यवस्था बिघडली असल्याची ही खूण. २०१४ मध्यें बोस्टन येथील संशोधकांनीं अतिदक्षता विभागांतील प्रौढ रोग्यांच्या रक्तांतहि अशीं अनेक द्रव्यें दाखविलीं कीं, ज्यांचें प्रमाण अठ्ठावीस दिवसांच्या आंतील मृत्यूशीं निगडित आहे. चूल तीच, आतां धुराबरोबर राखेची, निखाऱ्यांची आणि न जळलेल्या सरपणाचीहि तपासणी होऊं लागली आहे.

या सर्व ज्ञानाच्या वापरांत एक मर्यादा मात्र कधींहि विसरतां कामा नये. शंभरांत दहा वांचतात हें विधान शंभरांविषयीं खरें आहे; खाटेवर निजलेला माणूस मात्र एकच असतो, आणि तो त्या दहांतला कीं नव्वदांतला हें रक्त सांगत नाहीं. जुने वैद्य अरिष्ट दिसलें म्हणजे पुष्कळदां चिकित्सा हातीं घेत नसत. त्यांच्या हातीं उपाय थोडे होते, त्यामुळें त्यांना त्याचा दोषहि देतां येत नाहीं. पण आज वाढलेल्या आंकड्याचा उपयोग आशा सोडण्यासाठीं करणें म्हणजे नव्या विद्येला जुन्या निरुपायाकडे परत नेणें होय. आंकडा चढला याचा खरा अर्थ एवढाच कीं, येथें वेळ थोडा आहे: जंतुदोषाचें मूळ शोधा, योग्य औषध तत्काळ द्या, वाहतें रक्त थांबवा, रक्ताभिसरण सांवरा, आणि तासा दोन तासांनीं पुन्हां पाहा. उंबरठ्याशीं उभ्या असलेल्या आप्तांनींहि कागदावरचा आंकडा हा निकाल समजूं नये. त्याच्या पुढच्या मापनाची वाट पाहावी.

वुर्ट्सबुर्गच्या त्या तेवीस वर्षांच्या मातेचें रक्त तिच्या मृत्यूनंतर बोललें. आज तीच साक्ष रोगी जिवंत असतांना, दोनचार मिनिटांत मिळते. या दोहोंमध्यें पावणेदोनशें वर्षांचें अंतर आहे, आणि त्या अंतरांत शेले यांच्या दुधापासून हॉलंडच्या रुग्णालयांपर्यंत अनेक देशांतील माणसांचे श्रम सांचलेले आहेत. तरीसुद्धां त्या मातेला वांचवूं शकली असती ती गोष्ट रक्तपरीक्षेहून कितीतरी साधी होती: तिला तपासणाऱ्यांचे धुतलेले हात. रक्ताची साक्ष ऐकावी ती तेवढ्याचसाठीं, कीं हात वेळेवर योग्य जागीं पोहोंचावे.